बाकड्यावरची रिकामी जागा

९ जानेवारी २००६, सोमवार
जुन्नर

पोचले एकदाची. पुण्याहून एसटीत खिडकीची जागा मिळाली होती आणि नारायणगावपर्यंत ती टिकलीसुद्धा. तिथे एक बाई लेकरू आणि कांद्याची पिशवी घेऊन चढल्या. मी सरकले. मग त्यांची जाऊ चढली, मी आणखी सरकले, आणि जुन्नर आलं तेव्हा मी निम्मी सीटवर आणि निम्मी वाटेत होते. जन्मजात खोड आहे ही. पण आज चिडायचं नाही असं ठरवलंय. थंडी मस्त आहे, खोलीच्या खिडकीतून शिवनेरी दिसतो, आणि या वेळचं पुस्तक माझ्या नावावर निघणार आहे.

हे शेवटचं वाक्य मी वाटेत मनातल्या मनात बरेचदा म्हणून पाहिलं. गेल्या वेळी चांगदेवरावांच्या प्रकाशनासाठी देहबोलीवरचं अख्खं पुस्तक मी लिहिलं आणि मुखपृष्ठावर एका डॉक्टरांचं नाव आलं. आत बारीक टाइपात 'साहाय्य : हर्षाली'. आडनावसुद्धा नाही. या वेळी त्यांनी शब्द दिलाय. 'चौघांचं घर' नावाची जुनी टीव्ही मालिका, तिच्या प्रसिद्धीसाठी काढलेले फोटो, आणि त्यांतली नटमंडळी कशी बसलीत, कुणाकडे झुकलीत, हात कुठे ठेवलेत, यावरून पडद्यामागे काय चाललं होतं ते मी वाचून दाखवायचं. गुढीपाडव्याला पुस्तक. हे हुकलं तर परत घरी, म्हणजे हॉलमधल्या दिवाणावर. माझी खोली सुदर्शनदादाच्या लग्नात गेली ती गेलीच, आणि दिवाणावर तर टीव्ही बघायला येणारा प्रत्येक जण बसतो.

मालिकेचं चित्रीकरण आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरला झालं. फोटो मात्र काढले जुन्नरच्या धर्माजी फोटोग्राफरने. त्याचा स्टुडिओ इथे बाजारपेठेच्या गल्लीत आहे, कित्येक वर्षं बंद. त्याच्यावरची खोली सारजाबाईंनी मला भाड्याने दिलीय. धर्माजी कधीच निघून गेला म्हणतात, पण बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. मी दारात दोन बॅगा घेऊन उभी, तर 'या' नाही, 'बसा' नाही, पाण्याचं तर नावच नको. किल्ली हातावर टेकवली आणि जिन्याकडे बोट केलं. समोरचा किराणावाला म्हणाला, "ताई, मनावं घेऊ नका. म्हातारी कुणालाच बसा म्हणत नाय." नाही घेतलं मनावर.

११ जानेवारी, बुधवार

आज स्टुडिओ उघडला. भिंतीवर रंगवलेला पडदा आहे, त्यावर तळं आणि दोन राजहंस. एका राजहंसाची मान ओल येऊन फुगलीय. मधोमध सागवानी बाकडं, पाच माणसं आरामात बसतील एवढं. हेच बाकडं धर्माजी टेम्पोत घालून निरगुडसरला न्यायचा, कारण सगळ्या फोटोंत तेच आहे. मी त्याच्यावरच बसून काम करणार. खोक्यांमध्ये फोटो आहेत, काळेपांढरे, चकचकीत कागदावर, मागे पेन्सिलीने क्रमांक घातलेले. धर्माजी माणूस नीटस असावा.

पहिला फोटो बघितला आणि पुस्तक डोळ्यांपुढे उभं राहिलं. चार भाऊ आणि थोरली सून. त्यांच्या उजव्या हाताच्या टोकाला थोरला, शेजारी सून, मग दोन भाऊ, मग धाकटा. त्याच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी. सगळ्यांची अंगं उजवीकडे कललेली, पावलं बाकड्याखाली आणि उजवीकडे वळवलेली. पाय जिकडे, मन तिकडे, हे आमच्या विषयातलं पहिलं सूत्र. म्हणजे सगळ्यांना तिथून उठून जायचंय. भांडण झालेलं होतं तर. कुणाचं कुणाशी ते शोधायचं, एवढंच. संध्याकाळी पेठेतून चिवडा आणला आणि एकटीने साजरं केलं.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

कंटाळा आलाय. लाइट सकाळी जाते ती दुपारी येते, आणि आली की ऋषीच्या दुकानात स्कॅनिंगला अख्खं जुन्नर उभं असतं. ऋषी म्हणजे चौकातला कॉम्प्युटर आणि झेरॉक्सवाला. पोरगा चांगला आहे, पण माझा नंबर आला की त्याला कुणाचा तरी सातबारा आधी काढायचा असतो. मीही म्हणते, होऊ दे त्यांचं.

फोटो जुळत नाहीत. प्रत्येक फोटोत सगळे एकाच बाजूला कललेले. भांडण दोन माणसांत असतं, रिकाम्या जागेशी कुणी भांडत नाही. एका फोटोत मेंढरं आहेत. बाकड्याच्या पुढ्यात दाटीने उभी, पण डाव्या टोकापुढे एकही नाही. मेंढरांची देहबोली मला कुणी शिकवलेली नाही. चांगदेवरावांना फोन केला तर म्हणाले, जरा मसालेदार काहीतरी काढा. कुठून काढू, मेंढरांतून?

सारजाबाईंनी तिळगूळ दिला. उंबऱ्याच्या अलीकडून मी, पलीकडून त्या, उभ्याउभ्या. सणाच्या दिवशी तरी माणूस आत बोलावतं.

१७ जानेवारी, मंगळवार

निरगुडसरला जाऊन आले, आणि मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय.

मंचरला गाडी बदलली. मागच्या लांब सीटवर एक घर बसलं होतं, दोन भाऊ आणि नवी सून. पुढच्या थांब्यावर एक फेटेवाले वयस्क गृहस्थ चढले, बहुतेक सुनेचे चुलतसासरे. भाऊ उजवीकडे कलले. पाय आत घेतले, म्हाताऱ्याला लागू नयेत म्हणून. सुनेने त्याच बाजूचा पदर पुढे ओढला. फोटोच होता तो. चौघा भावांचं भांडणबिंडण काही नाही. ते मोठ्या माणसाला जागा करून देताहेत. आणि हे कुणाला कळलं नाही? मला, जी जन्मभर दुसरं काही करत आलेली नाही! मनाची सूत्रं पाठ करून बसले आणि डोळे गहाण टाकले.

निरगुडसरला गेणभाऊ भेटले. त्या मेंढरांचे मालक. आता मेंढरं थोडी आणि कांदा जास्त. त्यांनी उलगडा केला. शहरातले नट कॅमेऱ्यापुढे ताठ बसायचे, काही केल्या घरची माणसं वाटायची नाहीत. धर्माजीची एक युक्ती होती; त्याचं नाव, तोंड गेणभाऊंना आठवत नाही, फक्त बोलणं आठवतं. गेणभाऊंनी त्याची नक्कल करून दाखवली : "मोठं पावणं यायचंय, राव. सरकून बसा, जागा ठिवा. आन तोंडानं म्हणा, या, बसा." असं म्हटलं की अंगं सैल पडायची, चेहरे मऊ व्हायचे, आणि हा बटण दाबायचा. लग्नातसुद्धा हेच करायचा. गेणभाऊ म्हणाले, "आमची म्हातारी लई वरडायची त्याच्यावं. ज्याला यायचं न्हाई त्याला जागा ठिवून बोलवू नाय म्हणं." मी हसले. धडा मिळाला मला, पुस्तकाचा सगळ्यात सुंदर धडा.

एकाच गोष्टीचा राग आला. पहिला फोटो दाखवला तर धाकट्यावर बोट ठेवून म्हणतात, ह्यो कोण, ह्याला मी पाह्यला नाय. रोज तिथे असायचे म्हणतात आणि मालिकेतला नट ओळखत नाहीत. भाऊ किती होते विचारलं, तर म्हणाले, एकच की. मालिकेचं नाव 'चौघांचं घर' आहे याचंही त्यांना काही वाटलं नाही. वय झालं.

२० जानेवारी, शुक्रवार

मलपृष्ठासाठी लेखिकेचा फोटो हवा. लेखिकेचा! ऋषीला कॅमेरा घेऊन स्टुडिओत बोलावलं, म्हटलं याच बाकड्यावर काढ. मधोमध बसले. पण माझंही तेच, लाकूड झालं अंगाचं. ऋषी म्हणाला, ताई, जरा घरच्यासारखं बसा. मग धर्माजीची युक्ती आठवली. डाव्या हाताला बाकड्यावर थाप मारली आणि म्हटलं, या ना, बसा. खरंच सैल झाले. ऋषीने पटकन फोटो घेतला, म्हणाला, एक नंबर आला.

दारातून सारजाबाई बघत होत्या. दार ओढून घेतलं एवढंच.

२३ जानेवारी, सोमवार

आज सगळे फोटो मागच्या क्रमांकाने ओळीत लावले. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

पहिल्यात चार भाऊ. रिकाम्या जागेशेजारी धाकटा. पुढच्या फोटोंत धाकटा नाही. मग जागेशेजारी तिसरा. आणखी पुढे तिसरा नाही. मग दुसरा नाही. शेवटच्या फोटोत थोरला उजव्या टोकाला आणि त्याच्या शेजारी सून, तोंडावर पदर इतका ओढलेला की नाकही दिसत नाही. जागा मात्र तेवढीच आहे, एका माणसाची. बाकीचं बाकडं नुसतंच उघडं पडलंय. सुरुवातीच्या फोटोंत सगळे गालात हसताहेत, कारण थट्टा चाललीय. नंतरच्यांत कुणी हसत नाही. शेवटच्यांत कुणाचेही डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. सगळे खाली बघताहेत, मोठं माणूस बसल्यावर बघतात तसे.

नटांना मालिकेतून काढलं असेल. काढतातच. चांगदेवरावांना विचारायला फोन केला. ऑफिसातल्या मुलीने नाव विचारलं, आडनाव विचारलं, काम विचारलं. दोन वर्षं मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते. म्हटलं, अगं, हर्षाली. म्हणाली, कोण हर्षाली? काय माणसं आहेत. पाठ वळली की संपलं.

२५ जानेवारी, बुधवार

ऋषीकडून प्रिंट आणला. मी मधोमध बसले होते, हे शपथेवर सांगते. प्रिंटमध्ये मी माझ्या उजव्या हाताला सरकलेली आहे. खांदा कललेला, पावलं बाकड्याखाली, ओढणी डाव्या बाजूने पुढे. ही बाई अनोळखी असती तर मी लिहिलं असतं : हिने कुणाला तरी जागा करून दिली आहे.

ऋषीला झापलं की फोटो कापताना वाकडा कापलास. त्याने उलट विचारलं, "ताई, तुमी पैल्यांदाच आलात ना दुकानात?" थट्टा करायला हीच वेळ सापडली याला. प्रिंट हिसकावून घेऊन आले.

२७ जानेवारी, शुक्रवार

चांगदेवराव स्वतः फोनवर आले. पुस्तक डॉक्टर लिहिताहेत, पहिल्यापासून तेच लिहिताहेत. आपण कोण बोलताय?

मी ओरडले. रस्त्यात, भर चौकात, एवढी ओरडले की घसा बसला. माझं नाव आहे त्या पुस्तकावर, शब्द दिला होता तुम्ही. ते शांतपणे म्हणाले, ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. फोन ठेवला. गंमत अशी की चौकात एकानेही वळून बघितलं नाही. जुन्नरच्या चौकात बाई ओरडते आणि कुणी बघत नाही.

रडू येतंय ते रागाने. भीतीने नाही. आयुष्यभर प्रत्येकाला जागा दिली आणि माझी वेळ आली की —

नाही. रागच आहे हा.

२९ जानेवारी, रविवार

सारजाबाईंच्या दारात गेले. भाडं द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "कोण तुमी? काय काम व्हतं?" मी त्यांच्याच वरच्या खोलीत राहते म्हटलं. त्यांनी स्टुडिओच्या दाराकडे बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"म्हंजे बसलात तुमी त्याच्याशेजारी," म्हणाल्या.

मग सगळं सांगितलं, उंबऱ्यावर उभ्याउभ्या. फोटोतली माणसं कुठे गेली ते त्यांना माहीत नाही, कारण ती होती हेच कुणाला आठवत नाही. फोटोत आहेत म्हणून होती म्हणायचं. जो सरकून जागा देतो, त्याची जागा तो बोलावलेला पाहुणा घेतो, पुरती, घरातली, माणसांच्या मनातली. मग पुढच्याकडे बघतो. मी विचारलं, धर्माजी? तर म्हणाल्या, "बोर्डावं नाव हाय म्हणून म्हणते मी, धर्माजी. त्वांड आठवत न्हाई. मंगळसूत्र हाय गळ्यात, म्हंजे कुणीतरी आसंल की."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

त्या कशा राहिल्या? एकदा याच बाकड्यावर त्या एकट्या बसल्या होत्या, भाजी निवडत. बाकडं डावीकडे दबलं. अंग आपोआप सरकायला लागलं. "मी म्हणलं, जागा नाय. त्वांडावं म्हणलं." बस, तेवढंच लागतं. पण ते कुणाला जमलं नाही. आलेल्या पाहुण्याला तोंडावर जागा नाही म्हणायचं, हे आपल्यात कुणाच्या जिभेला येत नाही. तेव्हापासून त्या कुणालाच 'बसा' म्हणत नाहीत. आम्ही त्यांना माणूसघाणी म्हणतो.

मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता पुण्याला जाते. त्या म्हणाल्या, बोलावलेलं पाव्हणं बोलावणाऱ्याच्या मागंच येतं. हितं नायतर तितं. त्याला मनाई करायची, पळून काय व्हतंय.

दार लावताना परत विचारलं त्यांनी. कोण तुमी?

३० जानेवारी

आईला फोन केला.

तिने विचारलं, कोण पाहिजे. आई, मी. ती म्हणाली, राँग नंबर दिसतोय, बाळा. आवाज तिचाच, प्रेमळ. मागे टीव्ही चालू होता. सुदर्शनदादा विचारत होता, कोण आहे गं. कुणी नाही, म्हणाली. कुणी मुलगी आहे.

मी म्हटलं, दिवाणावर कोण बसलंय? का विचारलं माहीत नाही.

ती म्हणाली, पाहुणे आलेत आमच्याकडे.

३१ जानेवारी

रात्र नीट गेली. दिवसाच होतं सगळं.

जिना उतरताना भिंतीला चिकटून उतरते मी. बाजूने कुणी जात असल्यासारखी. ताट घेतलं की डावीकडे एक वाटी —

सराव केला. आरशासमोर. जागा नाही. जागा नाही. येतं की म्हणता. आरशात मी कडेला उभी होते.

पुस्तक गेलं, नाव गेलं, ठीक. आई नाही देणार. आईतली माझी जागा मी नाही देणार कुणाला. उद्या म्हणायचं. त्याच बाकड्यावर, मधोमध बसून.

१ फेब्रुवारी

दुपार. लाइट नाही. दार उघडं ठेवलंय, ऊन आत येतंय. मधोमध बसलेय. वही मांडीवर, म्हणजे हात कामात राहतील.

सारजाबाई दारात आहेत. मला बघत नाहीत. बाकड्याकडे बघताहेत.

आत्ता लक्षात आलं — पानाच्या डाव्या बाजूला केवढी जागा सोडलीय मी. ओळी अर्ध्यातून सुरू होतात. मागे चाळलं. पहिलं पान पूर्ण भरलेलं. मग समास वाढत, वाढत — मी कधी —

बाकडं कुरकुरलं. डावीकडे.

हलले नाही मी.

पाय आत घेतले फक्त.

ओढणी सारखी केली, त्यात काय, ऊन लागतंय —

उजव्या हाताला बाकड्याची कड लागतेय. मधोमध बसले होते मी. मधोमध

लिहिता येतंय तर म्हणताही येईल. जागा नाही. जागा नाही. जागा

वर बघवत नाही. मोठ्या माणसासमोर वर कसं —

सारजाबाई ओरडताहेत, म्हणा, म्हणा —

तोंड उघडलं. आवाज माझाच. गोड, आईसारखा —

या ना, म्हणाले मी. बसा. मी सरक